झोळीचा फोटो व्हायरल होतो, सहाव्या महिन्यातलं नियोजन मात्र राहून जातं

विश्लेषण : बाळंतपणात जीव फक्त खराब रस्त्यामुळे जात नाही. घरातला उशीर, वाटेतला उशीर आणि दवाखान्यातला उशीर असे तीन उशीर असतात. त्यातला पहिला थांबवणं पूर्णपणे गावाच्या हातात आहे.

नंदुरबार जिल्ह्यात पावसाळा लागला की काही दिवसांतच एक फोटो मोबाईलवर फिरायला लागतो. बांबूला बांधलेली झोळी, झोळीत कळा देणारी बाई, पुढे-मागे खांदा देणारे चार गडी आणि खाली चिखलाची पायवाट. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यातला हा फोटो दोन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतो. रस्ता कधी होणार, असा प्रश्न विचारला जातो. कुणी निवेदन देतं, कुणी भेट देऊन जातं. मग पुढचा फोटो येईपर्यंत सगळं शांत.

रस्त्याचा प्रश्न खराच आहे, तो विचारलाच पाहिजे. पण त्या झोळीतल्या बाईच्या बाबतीत आणखी काही प्रश्न कुणी विचारत नाही. कळा किती वाजता सुरू झाल्या? घरून निघायचं किती वाजता ठरलं? तिचं हिमोग्लोबिन किती होतं? तिला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे आधी कुणी सांगितलं होतं का? बाई आणि बाळ वाचणार की नाही, हे बऱ्याचदा या उत्तरांवर ठरतं.

आकडे चांगले, पण अर्धेच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ९०.३ टक्के होता. २०१८-२० या काळात राज्याचा माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. म्हणजे राज्य म्हणून महाराष्ट्र पुढच्या रांगेत आहे.

पण राज्याचा आकडा हा पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि सातपुड्यातले पाडे एकत्र मिसळून काढलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातले जे चार जिल्हे आले, त्यात नंदुरबार आहे. शहादा-तळोद्याच्या सपाट भागातल्या बाईला जे अंतर अर्ध्या तासाचं, तेच अंतर चांदसैली घाटात दरड पडली की धडगावच्या बाईला दिवसभराचं होतं. नर्मदेच्या काठावर तर काही गावांना बोटीशिवाय वाट नाही, म्हणून तिथे तरंगता दवाखाना चालवावा लागतो.

दुसरी गोष्ट अशी की 'दवाखान्यात बाळंतपण' या आकड्यात बाई दवाखान्यात कोणत्या अवस्थेत पोचली, ते दिसत नाही. वेळेवर चालत आलेली बाई आणि बारा तास घरी कळा देऊन अर्धमेली झालेली बाई, कागदावर दोघींची नोंद एकच होते.

तीन उशीर कोणते?

बाळंतपणात बायका का दगावतात, याचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली तीन उशिरांची मांडणी केली. जगभरचे आरोग्य विभाग आजही तीच वापरतात. पहिला उशीर : दवाखान्यात जायचा निर्णय घ्यायला. दुसरा उशीर : दवाखान्यात पोचायला. तिसरा उशीर : पोचल्यावर योग्य उपचार सुरू व्हायला.

झोळीचा फोटो फक्त दुसऱ्या उशिराचा असतो. पहिल्या उशिराचा फोटो कुणी काढत नाही, कारण तो घरात, चुलीपाशी होतो. तिसऱ्याचा फोटो काढू दिला जात नाही, कारण तो वॉर्डात होतो.

पहिला उशीर : घरात कोण ठरवणार?

कळा रात्री सुरू होतात. नवरा गुजरातेत ऊसतोडीला किंवा कामाला गेलेला. सासू म्हणते, 'माझी पाचही घरीच झाली, थोडं थांबा.' सासरा म्हणतो, 'सकाळी बघू.' घरात रोख पैसे नाहीत. जीपवाला रात्रीचं भाडं जास्त मागणार. दवाखान्यात नेलं की पोट फाडतात, ही भीती वेगळीच. ज्या बाईला कळा येताहेत, तिला मात्र कुणी विचारत नाही. अशी रात्र अनेक घरांत जाते.

यात कुणी दुष्ट नसतं. सासूचा अनुभव खोटा नसतो. बहुतेक बाळंतपणं खरंच सुखरूप होतात. अडचण अशी की कोणतं बाळंतपण अडणार, हे नेहमी आधी कळत नाही. सगळं नीट झाल्यावर, बाळ रडल्यावर, वार पडल्यावरसुद्धा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. जोराचा रक्तस्राव असेल तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. त्यात बाई मुळात रक्त कमी असलेली असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के बायकांत रक्त कमी आहे, असं याच सर्वेक्षणात आढळलं आहे. म्हणजे जवळपास दर दुसरी बाई.

'पहिलं घरीच झालं, हेही होईल' हा हिशेबही फसवा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा लवकर पुढे सरकतात, म्हणजे निघायला वेळ कमी मिळतो. आणि चौथ्या-पाचव्या खेपेला बाळंतपणानंतर गर्भपिशवी नीट आवळली न जाण्याचा, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढतो. अनुभवी बाईने उशिरा नाही, उलट लवकर निघायला हवं.

पहिलटकरणीची अडचण आणखी वेगळी. बाळंतपणाला ती माहेरी जाते. सासरच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं, माहेरच्या आशाताईला ती आल्याचं आठ दिवसांनी कळतं. तपासण्यांचं कार्ड सासरच्या पेटीत राहिलेलं असतं. अशी बाई दोन्ही गावांच्या मधोमध हरवते. माहेरी पाठवताना साडी-चोळीच्या आधी पिशवीत ते कार्ड टाकायला हवं, आणि माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईकडे नाव सांगायला हवं.

सहावा महिनाच का?

साधारण समज असा की नवव्या महिन्यात बघू. ऑगस्ट २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात मरकटवाडीत काय झालं, ते इथे आठवायला हवं. सातव्या महिन्यातच एका बाईला कळा सुरू झाल्या, घरीच जुळी बाळं जन्मली आणि दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणावं लागलं. तेव्हाही चर्चा रस्त्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या घटनेतून दुसरीही गोष्ट कळते : बाळंतपण तारीख बघून येत नाही. दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात, जुळी असतील तर हमखास तशी शक्यता जास्त. म्हणून गाडी कुठली, पैसे कुठून, सोबत कोण आणि दवाखाना कोणता, हे सहावा महिना संपायच्या आत ठरलेलं असावं.

सपाटीच्या तालुक्यांत सातव्या महिन्यात ओटीभरणाची तारीख ठरते, जेवणाचा बेत ठरतो, फोटोवाला ठरतो. गाडीवाला मात्र ठरत नाही.

दुसरा उशीर : रस्ता नाही, तर काय?

१०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, त्यात डॉक्टर असतो. १०२ ची गाडी गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी बाळासाठी मोफत आहे. दोन्ही नंबर बहुतेकांना माहीत आहेत. पण फोन करायला आधी रेंज लागते, आणि अनेक पाड्यांत रेंज फक्त एखाद्या टेकडीवर किंवा एखाद्या झाडाखाली येते. गाडी पाड्यापर्यंत येत नाही, डांबरी सडकेपर्यंतच येते.

त्यामुळे गाडी कुठे थांबणार आणि बाईला तिथपर्यंत कोण आणणार, हे आधी ठरलेलं असेल तर तासभर वाचतो. रात्री बाराला झोळीसाठी बांबू शोधत बसणं आणि झोळी आधीच तयार असणं, यात बाईच्या जिवाचा फरक पडू शकतो. आदिवासी भागात पावसाळ्याआधी नवसंजीवनी योजनेत पाडा स्वयंसेवक आणि भरारी पथकं नेमली जातात. आपल्या पाड्याचा स्वयंसेवक कोण आहे, त्याचा नंबर काय, हे मे महिन्यातच विचारायला हवं.

ज्या पाड्यांची वाट पावसात बंदच होते, त्यांच्यासाठी खरा उपाय आधीच बाहेर येऊन राहणं हा आहे. राज्याच्या आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' योजना आहे. दिवस भरत आलेली बाई बाळंतपणाच्या चार-पाच दिवस आधी तिथे येऊन राहू शकते, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल असलं तरी चालतं, जेवणाची सोय असते. तरी अनेक बायका जात नाहीत. घरी दुसरी पोरं असतात, ढोरं असतात, भात-मक्याची निंदणी असते. म्हणजे बाईला माहेरघरात पाठवायचं तर तिच्या घरचं काम चार दिवस कोण करणार, हेही ठरवावं लागतं. ही गोष्ट सरकार नाही करणार, शेजार आणि भावकीच करणार.

तिसरा उशीर : चुकीच्या दवाखान्यात आधी पोचणं

सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. दवाखाने एकसारखे नसतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं. सिझर करायचं तर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लागतात, भूल देणारे डॉक्टर लागतात आणि रक्त लागतं. ही तिन्ही एकाच वेळी कुठे मिळतात, ते प्रत्येक तालुक्यात वेगळं असतं. ग्रामीण रुग्णालयाची इमारत मोठी असते म्हणून तिथे रात्री दोनला भूल देणारा डॉक्टर असेलच असं नाही.

मग काय होतं? पाड्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून नंदुरबार सिव्हिल. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी लिहून पुढे. बाई तीन दरवाजे बघते, आणि तिसऱ्या दरवाज्यात पोचेपर्यंत सकाळ होते.

ज्या बाईला धोका आहे हे आधीच माहीत आहे, तिच्यासाठी ही फरफट टाळता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांची मोफत तपासणी करतात. धोका दिसला तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर 'बाळंतपणाला थेट कुठे जायचं?' हा प्रश्न त्या तपासणीतच डॉक्टरांना विचारून त्या दवाखान्याचं नाव कार्डावर लिहून घ्यावं :

- आधीचं बाळंतपण सिझरने झालेलं
- जुळी, किंवा बाळ आडवं अथवा पायाळू
- हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त
- उंची १४० सेंटीमीटरपेक्षा कमी
- सिकलसेलचा आजार
- आधी मेलेलं बाळ जन्मलेलं, किंवा आधीच्या खेपेला जोराचा रक्तस्राव झालेला
- वय १८ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त

सिकलसेल आपल्या भागात घरोघर ऐकायला येतो, तरी गरोदरपणात तो सांगितला जात नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. सिकलसेलच्या बाईचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं.

रक्ताचंही तसंच. रक्तगट आधी माहीत असावा आणि घरातले-भावकीतले दोन धडधाकट गडी रक्त द्यायला तयार असावेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्यासाठी वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं.

हिमोग्लोबिन तर घरी बसूनच वाढवता येतं. लोहाच्या १८० गोळ्या मिळतात, त्या डब्यात ठेवण्यासाठी नसतात. गोळी चहा किंवा दुधासोबत घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. पाणी किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. गोळीने शौच काळी होते, मळमळतं, हे नेहमीचं आहे. त्रास होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये.

सिझरची भीती कुठे खरी, कुठे खोटी?

महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने होतात, म्हणजे चारात एक. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की लोकसंख्येच्या पातळीवर सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की त्यामुळे आणखी जीव वाचताना दिसत नाहीत. सपाटीच्या गावांत 'गरज नसताना सिझर केलं' ही तक्रार म्हणून अगदीच निराधार नाही. पण त्याच जिल्ह्यात डोंगरातल्या बाईला गरज असताना सिझर वेळेत मिळत नाही. एकाच जिल्ह्यात दोन्ही टोकं आहेत.

म्हणून सिझर म्हटलं की लगेच पळून जाणंही बरोबर नाही आणि मुकाट अंगठा देणंही नाही. 'का करावं लागतंय? थांबलो तर बाईला काय धोका, बाळाला काय धोका?' हे दोन प्रश्न विचारायचा हक्क घरच्यांना आहे. सरळ उत्तर मिळालं, तर निर्णय लांबवू नये.

कळा सुरू झाल्यावर

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, हळूहळू जवळ येतात, जोर वाढतो आणि चालल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा येतात-जातात, आराम केल्यावर कमी होतात. ज्या पाड्यावरून दवाखाना लांब आहे, तिथे ठरावीक अंतराने कळा सुरू झाल्या की निघायचं. कळा पाच मिनिटांवर येईपर्यंत वाट बघायची नाही. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. अंगावरून रक्त जाणं, झटके, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, ताप, हिरवट पाणी जाणं, किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही, मग कितवाही महिना असो.

पहिल्या खेपेला कळांचा जोर धरल्यापासून बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, पुढच्या खेपेला साधारण दहा तासांपर्यंत. हा वेळ कसा काढायचा, हे बाईला कुणी आधी सांगत नाही. तिला 'सहन कर' एवढंच सांगितलं जातं.

सहन करण्यालाही रीत आहे. कळ नसताना चालावं, बसावं, कुशीवर पडावं. सतत उताणं पडून राहायची गरज नसते. मधूनमधून पाणी, पेज, सरबत असं थोडं थोडं घ्यावं, मात्र सिझरची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारून. दर दोन-तीन तासांनी लघवीला जावं. कळ आली की श्वास रोखून दात-ओठ खाण्यापेक्षा तोंडाने हळू श्वास सोडावा. कमरेला खालून वर दाबून चोळलं तर बरं वाटतं. आणि पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर लावायला सांगू नये. त्याने बाई दमते आणि सूज येते.

दोन गोष्टी मात्र कुणीही करू नयेत. वरून पोट दाबू नये. आणि गावातल्या कुणाकडून 'कळा वाढवायचं इंजेक्शन' घरी घेऊ नये. त्या इंजेक्शनने गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. तेच औषध बाळ जन्मल्यानंतर नर्सने दिलं की रक्तस्राव थांबवतं. औषध एकच, वेळ चुकली की विष.

सोबतीण हा हक्क आहे

बाळंतपणाच्या खोलीत बाईसोबत घरची एक बाई राहू शकते, असा निर्णय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे. सोबत ओळखीची बाई असली की कळा सोसणं सोपं जातं, साधं बाळंतपण होण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. तरी अनेक ठिकाणी सासू किंवा आई बाहेरच्या बाकावर बसून राहते.

सातपुड्यात याला आणखी एक बाजू आहे. बाई पावरी किंवा भिली बोलते, वॉर्डात मराठी चालते. 'जोर लाव', 'आता नको' हे शब्द तिला कळेपर्यंत कळ निघून जाते. मग आवाज चढतो, कधी शिवीही येते. अशी वागणूक मिळालेली बाई पुढच्या खेपेला दवाखान्यात येत नाही, आणि तिचं ऐकून शेजारचीही येत नाही. पहिल्या उशिराचं मूळ असं कधीकधी तिसऱ्या उशिरात सापडतं.

इथे गावच्या दाईचा मोठा उपयोग आहे. २००५ नंतर सरकारी धोरणाचा सगळा रोख दवाखान्यातल्या बाळंतपणाकडे गेला आणि दाई बाजूला पडली. पण बाईची भाषा, लाज आणि भीती जितकी दाईला कळते तितकी दुसऱ्या कुणाला कळत नाही. घरी बाळंतपण करणारी म्हणून नाही, तर सोबतीण म्हणून दाई दवाखान्यात आली, तर बाई, नर्स आणि दाई तिघींचंही काम हलकं होईल.

पहिला तास बाळाचा

बाळाला लगेच कोरडं पुसून आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवावं, वरून दोघांना पांघरूण. नाळ घाईने कापू नये. बाळ रडत असेल तर एक ते तीन मिनिटं थांबता येतं. तासाभरात अंगावर पाजावं. पहिलं पिवळसर दूध, चीक, फेकू नये. गूळपाणी, मध, गुटी काहीही नको. पहिल्या दिवशी आंघोळ नको. आणि आई-बाळाने ४८ तास दवाखान्यातच राहावं. 'सगळं नीट आहे' म्हणून संध्याकाळीच जीप करून घरी नेणं म्हणजे धोक्याचे तास घाटात घालवणं.

पैसा कुठे, किती?

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी, सगळं मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवण मिळायला हवं. एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं तर ती गाडीही मोफत. कुणी पैसे मागितले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी खेप मुलीची असेल तर ६,००० रुपये आहेत. आदिवासी भागात अंगणवाडीतून अमृत आहार योजनेचं एक वेळचं पूर्ण जेवण गरोदर बाईला मिळायला हवं.

ही रक्कम खात्यावर येते ती बहुतेक नंतर. रात्रीच्या जीपला पैसे मात्र तेव्हाच लागतात. सावकाराच्या दारात जाण्यात जो तास जातो, तो याच फटीतून.

ग्रामसभेच्या हातात काय?

गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळतो. गरीब घराच्या तातडीच्या गरजेला त्यातून खर्च करता येतो. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के हिस्सा थेट मिळतो, त्याच्या कामांत आरोग्यही आहे. किती गावांत या पैशातून बाळंतपणाच्या गाडीची तजवीज होते, हे प्रत्येकाने आपल्या ग्रामसेवकाला विचारून बघावं.

ग्रामसभेला यासाठी मोठा ठराव लागत नाही. मे महिन्याच्या सभेत आशाताईने सांगावं की जून ते सप्टेंबर या काळात पाड्यावर किती बायकांचे दिवस भरणार आहेत. नावं जाहीर वाचायची गरज नाही, आकडा आणि पाडा पुरे. मग तेवढ्यासाठी चार गोष्टी ठरवाव्यात : कोणती गाडी, गाडी कुठे थांबणार, झोळीला खांदा देणारे कोण, आणि त्या रात्रीचे पैसे कोण देणार. रस्त्याचं निवेदन द्यावंच, दर सभेत द्यावं. रस्ता होईपर्यंत जी बाई कळा देणार आहे, तिच्यासाठी या चार गोष्टी.

मोबाईलमध्ये आजच सेव्ह करा

- १०८ आणि १०२
- सासर आणि माहेर, दोन्हीकडच्या आशाताईंचा आणि आरोग्यसेविकेचा नंबर
- दोन जीपवाल्यांचे नंबर, एक गावातला आणि एक शेजारच्या गावातला
- माता-बाल संरक्षण कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो
- रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, बाळंतपणाची अंदाजे तारीख
- धोका असेल तर थेट जायच्या दवाखान्याचं नाव
- रक्त देऊ शकणाऱ्या दोघांची नावं

हे सगळं फक्त नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, तो त्या रात्री सुरतेला असू शकतो. घरात राहणाऱ्या एकाच्या तरी फोनमध्ये असावं, आणि शेजारच्या एका घरात कागदावर लिहून चिकटवलेलं असावं. कागदाला रेंज लागत नाही आणि चार्जिंगही संपत नाही.